राळेत मिसळायचे काय? फायबरग्लासच्या कामातील फिलर आणि त्यांची निवड

खुलताबाद, प्रतिनिधी

फायबरग्लास हा शब्द एकेकाळी केवळ कारखान्यांपुरता मर्यादित होता. आता पत्र्याऐवजी फायबरचे छत, लाकडाऐवजी फायबरचे दार, दगडाऐवजी फायबरची मूर्ती, मिरवणुकीचा रथ, बागेतील घसरगुंडी, मासेमारीची होडी अशा अनेक रूपांनी तो रोजच्या व्यवहारात आला आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींपासून तालुक्याच्या गावातील लहान शेडपर्यंत फायबरचे काम करणारे कारागीर आढळतात. काचेचे कापड आणि रेझिन यांची बरीच माहिती या कारागिरांना असते. मात्र रेझिन घट्ट करण्यासाठी अथवा खड्डा भरून काढण्यासाठी त्यात जी पावडर मिसळली जाते, तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही. हाताशी असेल ती पावडर टाकली जाते. काही महिन्यांनी सांधा उकलतो, लांबी तडकते, मूर्तीचा हात खांद्यापासून निखळतो आणि दोष रेझिनच्या माथी मारला जातो. होडीच्या किंवा उंचावर बसविलेल्या मूर्तीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पैशाच्या नुकसानीचा राहत नाही, तो माणसाच्या जिवाशी येऊन भिडतो. म्हणूनच एपॉक्सी रेझिनमध्ये मिसळावयाच्या फिलरची ही ओळख.

वेरूळचा गिलावा

बांधणारा चिकट पदार्थ, त्याला ताण सोसण्याचे बळ देणारा धागा आणि जागा भरून काढणारी भुकटी या तीन घटकांच्या मिश्रणाची कल्पना या भागाला नवीन नाही. खुलताबाद तालुक्यातील वेरूळच्या लेण्यांत खडकावर जो गिलावा चढविला गेला, त्यात माती आणि चुना यांच्याबरोबर वनस्पतींचे तुकडे मिसळलेले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, हे तुकडे गांजाच्या, म्हणजेच भांगेच्या झाडाचे आहेत. या मिश्रणामुळे गिलावा टिकाऊ झाला आणि त्याला कीड लागली नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पुढील काळातील वाड्यांच्या आणि कबरींच्या बांधकामात चुन्याबरोबर विटांची भुकटी म्हणजे सुरखी, ताग, गूळ, बेलफळाचा गर असे पदार्थ वापरले जात. यातील प्रत्येक पदार्थाचे काम वेगळे होते. सुरखी चुन्याला पाण्यातही घट्ट होण्याचा गुण देई, ताग भेगा आवरी, गूळ मिश्रणाला लवचीकपणा आणि चिकटपणा आणी. गवंडी सुरखीच्या जागी ताग टाकत नसे. एपॉक्सीच्या कामातही नियम हाच आहे. कोणती भुकटी कोणते काम करते, हे आधी कळले पाहिजे.

एपॉक्सी म्हणजे काय?

एपॉक्सी हे दोन घटकांचे रसायन आहे. एका डब्यात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर असतो. दोन्ही ठरावीक प्रमाणात एकत्र आले की रासायनिक प्रक्रिया सुरू होते, मिश्रण तापते आणि घट्ट होते. एकदा घट्ट झालेली एपॉक्सी पुन्हा वितळवता येत नाही. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्ताँ आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांच्या १९३० आणि १९४० च्या दशकांतील कामातून हे रसायन पुढे आले. १९४६ मध्ये सिबा या स्विस कंपनीने ‘अराल्डाइट’ या नावाने ते बाजारात आणले. भारतात हे नाव घरोघरी पोहोचले. २०२० मध्ये अराल्डाइटचा भारतातील व्यवसाय पिडिलाइट कंपनीने घेतला. गळणारा नळ बुजविण्यासाठी वापरली जाणारी ‘एम-सील’ हीदेखील फिलर आधीच मिसळलेली एपॉक्सीच होय.

तथापि, वस्तू चिकटविण्याची एपॉक्सी आणि काचेचे कापड भिजविण्याची एपॉक्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दाट असते, ती कापडात मुरत नाही. दुसरी पातळ असते. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे ‘एलवाय ५५६’ रेझिन आणि ‘एचवाय ९५१’ हार्डनर ही जोडी दुसऱ्या प्रकारात मोडते. तिचे प्रमाण वजनाने १०० भागांस सुमारे १० भाग असे असते. इतर जोड्यांचे प्रमाण वेगळे असते आणि ते उत्पादकाच्या पत्रकातच पाहावे लागते. हार्डनर अधिक टाकला तर काम लवकर होते, हा समज पॉलिस्टर रेझिनच्या सवयीतून आलेला आहे. एपॉक्सीत हार्डनर कमी पडला किंवा जास्त झाला तर पदार्थ कायमचा अशक्त राहतो.

येथे पॉलिस्टर आणि एपॉक्सी यांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. बाजारातील बहुतेक फायबरच्या वस्तू स्वस्त अशा पॉलिस्टर रेझिनच्या असतात. जुन्या पॉलिस्टरवर पृष्ठभाग खरवडून एपॉक्सी लावली तर ती उत्तम धरते, त्यामुळे दुरुस्तीसाठी ती योग्य ठरते. उलट, एपॉक्सीवर पॉलिस्टरची पकड भरवशाची नसते. मोटारीच्या गॅरेजमधील नेहमीची पुट्टी पॉलिस्टरची असते. एपॉक्सीच्या दुरुस्तीवर ती थापणे हे अनेक फसलेल्या कामांचे कारण असते. त्याचप्रमाणे सुट्या तुकड्यांच्या नेहमीच्या फायबर मॅटला एकत्र धरणारा पदार्थ पॉलिस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळावा या हेतूने बनविलेला असतो. एपॉक्सीत तो नीट विरघळत नाही आणि मॅट पांढरी, अर्धवट भिजलेली राहते. एपॉक्सीसाठी विणलेले अथवा शिवलेले कापड घ्यावे.

घट्ट करणे वेगळे, भरणे वेगळे

राळेत टाकावयाच्या भुकट्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट घट्ट करणाऱ्यांचा. कढी दाट व्हावी म्हणून बेसन लावतात तसे हे पदार्थ थोड्या प्रमाणात राळेचा प्रवाह थांबवितात. दुसरा गट बळ देणाऱ्या धाग्यांचा. तिसरा गट जागा भरणाऱ्यांचा. यातील काही भुकट्या वजनाने हलक्या असून घासण्यास सोप्या असतात, तर काही जड आणि स्वस्त असतात. बळकटी आणि घासण्यातील सुलभता हे दोन गुण एकाच भुकटीत पूर्णपणे मिळत नाहीत. जी भुकटी पॉलिश पेपरने सहज घासली जाते ती भार सोसत नाही, आणि जी भार सोसते ती घासताना हात दुखविते. निवडीचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे.

एरोसिल : कारागीर ज्या पांढऱ्या, धुरासारख्या हलक्या पावडरीला सरसकट एरोसिल म्हणतात, ती फ्यूम्ड सिलिका होय. १९४२ मध्ये जर्मनीतील डेगुसा कंपनीत हॅरी क्लोफर यांनी ती तयार करण्याची पद्धत शोधली. सिलिकॉनचे क्लोराइड हायड्रोजनच्या ज्योतीत जाळून ती मिळते. तिचे कण इतके सूक्ष्म असतात की एका ग्रॅममधील कणांचे एकूण पृष्ठफळ साधारण २०० चौरस मीटर भरते. हे कण राळेत एकमेकांना धरून जाळे तयार करतात. ढवळले की जाळे तुटते व मिश्रण वाहते. थांबले की जाळे पुन्हा जुळते व मिश्रण जागच्या जागी राहते. उभ्या भिंतीवर अथवा छताच्या खालच्या बाजूला काम करावयाचे असल्यास एरोसिलला पर्याय नाही. ती मिसळलेली राळ मजबूत, परंतु घासण्यास अतिशय कठीण असते. या पावडरीचा साधा प्रकार काही हार्डनरबरोबर थोड्या वेळाने आपला दाटपणा गमावतो. अशा वेळी पाणी न धरणारा, प्रक्रिया केलेला प्रकार मागावा.

काचेचे दळलेले धागे : काचेच्या धाग्यांचे मिलिमीटरभर लांबीचे तुकडे दळून ही भुकटी करतात. भार वाहणाऱ्या सांध्यासाठी ती सर्वांत भक्कम. मात्र एकट्या धाग्यांनी राळ घट्ट होत नाही. धागे तळाशी बसतात आणि राळ ओघळते. म्हणून त्यांच्यासोबत थोडी एरोसिल हवीच.

कापसाचा भुगा : सूक्ष्म कातरलेला कापूस राळ शोषून घेतो आणि सांध्याला चिवटपणा देतो. लाकूड आणि फायबर जोडण्यासाठी तो उपयुक्त ठरतो. त्याचा दोष असा की तो हवेतील ओलावाही तितक्याच तत्परतेने शोषतो. पावसाळ्यात उघड्या पिशवीतील भुगा वापरू नये.

लाकडाचा भुसा : बारीक चाळणीने चाळलेला व पूर्ण वाळविलेला भुसा लाकडी कामातील कोपरे भरण्यास चांगला. रंध्याखालचा जाडाभरडा भुसा उपयोगाचा नाही. सागवानासारख्या तेलकट लाकडाचा भुसाही टाळावा.

काचेचे पोकळ गोळे : मायक्रोबलून या नावाने मिळणारी ही पांढरी पावडर म्हणजे आतून पोकळ असलेले काचेचे अतिसूक्ष्म गोळे होत. प्रकारानुसार त्यांची घनता पाण्याच्या सुमारे एक अष्टमांशापासून सहा दशांशापर्यंत असते. त्यांची लांबी हलकी होते आणि सहज घासली जाते. उंचसखल पृष्ठभाग सपाट करण्यासाठी ती सर्वोत्तम आहे. भार सोसणाऱ्या सांध्यात मात्र ती कदापि वापरू नये. तपकिरी रंगाचे फिनॉलिक गोळेही याच कामासाठी मिळतात.

राखेतील पोकळ कण : औष्णिक वीज केंद्रांतील कोळशाच्या राखेत काही कण पोकळ असतात. राख पाण्यात सोडली की ते तरंगतात. त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. परळी, भुसावळ, कोराडी, चंद्रपूर अशी औष्णिक केंद्रे असलेल्या महाराष्ट्रात राखेचा तोटा नाही. काचेच्या गोळ्यांपेक्षा हे कण जड आणि करड्या रंगाचे, परंतु स्वस्त व दाब सोसण्यास बरे असतात. वीटभट्टीसाठी नेली जाणारी साधी राख आणि सेनोस्फिअर एक नव्हेत, साध्या राखेचे बहुतांश कण भरीव असतात.

खडूची भुकटी, शंखजिरे आणि संगमरवराची पूड : या जड भुकट्यांचे मुख्य काम खर्च कमी करण्याचे. शंखजिऱ्याची पूड घासण्यास मऊ, खडूची मध्यम, संगमरवराची दगडासारखे रूप देणारी असते. साच्यात ओतून केल्या जाणाऱ्या मूर्तींसाठी संगमरवराची पूड वापरतात. प्रमाण अती झाले की राळ कणांना पुरी पडत नाही आणि वस्तू ठिसूळ होते. सौंदर्यप्रसाधनाची सुगंधी टाल्कम पावडर हा शंखजिऱ्याला पर्याय नव्हे. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि पांढरे सिमेंट हे पाण्याने घट्ट होणारे पदार्थ आहेत. राळेत पाणी नसल्याने त्यांच्या मूळ गुणाचा तेथे काहीही उपयोग होत नाही.

विशेष भुकट्या : ग्राफाइट मिसळल्यास पृष्ठभाग गुळगुळीत होऊन घर्षण घटते. ॲल्युमिनियमच्या भुकटीने कठीणपणा येतो आणि उष्णता पसरण्यास मदत होते. रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइडसारखी रंगद्रव्ये अल्प प्रमाणात चालतात.

दाटपणा किती असावा?

कामाला कोणता दाटपणा हवा, हे ग्रॅमच्या हिशेबापेक्षा स्वयंपाकघरातील परिचयाने लवकर उमगते. पहिली पायरी मधाची. मिश्रण वाहते, पण सावकाश. दोन सपाट पृष्ठभाग चिकटविताना ही पायरी योग्य. दुसरी पायरी श्रीखंडाची. चमच्यावरून घसरते, ओघळत नाही. फटी असलेले सांधे आणि आतील कोपरे यांसाठी ती घ्यावी. तिसरी पायरी घट्ट पुरणाची. पत्र्याने ओढली की तिला धार राहते. उभ्या पृष्ठभागावरील लांबीसाठी ती आवश्यक असते.

केवळ एरोसिल वापरल्यास हार्डनर मिसळलेल्या १०० ग्रॅम राळेला साधारण २ ते ३ ग्रॅम पावडरीत मधाचा, ४ ते ६ ग्रॅममध्ये श्रीखंडाचा दाटपणा येतो. राळेचा प्रकार आणि हवेचे तापमान यांनुसार हा आकडा बदलतो. हे आकडे वजनाचे आहेत याचा विसर पडू देऊ नये. पाच ग्रॅम एरोसिल आकारमानाने सुमारे १०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ राळेइतकीच दिसते. ढीग पाहून घाबरलेला नवखा कारागीर हात आखडता घेतो आणि सांधा ओघळतो.

कोणत्या कामाला काय?

भार सोसणारा सांधा : एरोसिल अधिक काचेचे दळलेले धागे किंवा कापसाचा भुगा. होडीचा तळ आणि बाजू यांचा जोड, मूर्तीचे हात, खुर्चीचे पाय, स्क्रू व बोल्ट बसणाऱ्या जागा यांत हलके गोळे अथवा खडू मिसळू नये.

आतील कोपरा : काचेचे कापड काटकोनात वळत नाही, त्याखाली हवा अडकते. म्हणून कोपऱ्यात प्रथम श्रीखंडाएवढ्या दाट मिश्रणाची गोलाई बोटाने अथवा गोल टोकाच्या पट्टीने ओढावी आणि ती ओली असतानाच कापड बसवावे. येथे एरोसिल अधिक भुसा किंवा कापूस चालतो.

पृष्ठभाग सपाट करणे : काचेचे पोकळ गोळे किंवा सेनोस्फिअर, ओघळ थांबविण्यापुरती एरोसिल. एरोसिल जास्त झाली की घासणे अवघड होते. गडद रंग लावून उन्हात ठेवावयाच्या वस्तूंवर हलक्या गोळ्यांचा जाड थर टाळावा. साध्या तापमानाला घट्ट झालेली बरीचशी एपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काळा पृष्ठभाग सहज तेवढा तापतो.

पाण्याखालील भाग : पाणी शोषणारी खडूची भुकटी, कापूस आणि भुसा टाळून एरोसिल आणि काचेचे गोळे घ्यावेत आणि लांबीवर निव्वळ एपॉक्सीचे किमान दोन हात द्यावेत.

पिण्याच्या पाण्याची टाकी : येथे स्वतःचे मिश्रण मुळीच करू नये. प्रमाण चुकलेल्या राळेतील न जुळलेली रसायने पाण्यात उतरू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून प्रमाणित केलेले उत्पादनच वापरावे.

मिसळण्याचा क्रम

प्रथम रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून दोन-तीन मिनिटे, भांड्याच्या कडा व तळ खरवडत एकजीव करावेत. भुकटी त्यानंतर. आधी भुकटी आणि मग हार्डनर हा क्रम ठेवल्यास घट्ट मिश्रणात हार्डनर सर्वत्र पोहोचत नाही आणि सांध्यात चिकट, न सुकणारे ठिपके राहतात. दोन भुकट्या वापरावयाच्या असल्यास धागे अथवा गोळे आधी आणि दाटपणा साधण्यासाठी एरोसिल शेवटी घालावी. कोरड्या सांध्यावर प्रथम निव्वळ राळेचा पातळ हात फिरवावा, अन्यथा लाकूड किंवा जुने फायबर घट्ट मिश्रणातील राळ शोषून घेते आणि सांधा उपाशी राहतो.

हवामानाचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. तापमान १० अंशांनी वाढले की घट्ट होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. २५ अंशांना अर्धा तास हाताळता येणारे मिश्रण ३५ अंशांना पंधरा मिनिटांत हाताबाहेर जाते आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी काम सकाळी लवकर करावे, एका वेळी थोडेच मिश्रण करावे आणि ते खोल डब्याऐवजी पसरट थाळीत ठेवावे. खोल डब्यातील मिश्रण स्वतःच्या उष्णतेने धुमसू लागते. उरलेले मिश्रण कागदाच्या कचऱ्यात टाकल्यास आगीचा धोका संभवतो. जाड खड्डा एकदम भरण्यापेक्षा थराथराने भरावा.

पावसाळ्यात नेमकी उलट अडचण येते. दमट हवेत काही हार्डनरमुळे सुकलेल्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो न काढता दुसरा हात दिल्यास तो सुटतो. घासण्यापूर्वी हा थर पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊन काढावा. आधीच घासले तर तो पॉलिश पेपरबरोबर सर्वत्र पसरतो.

कोणतेही नवे मिश्रण मुख्य कामावर वापरण्यापूर्वी फायबरच्या दोन पट्ट्या त्याने जोडून आठवडाभर ठेवाव्यात आणि मग ओढून तोडाव्यात. पट्टीचे थर फाटले तर मिश्रण योग्य आहे. सांधा स्वच्छ सुटला तर घासणे कमी पडले आहे. मिश्रणच मधून खडूसारखे मोडले तर भुकटी चुकली आहे किंवा जास्त झाली आहे.

फुप्फुसे आणि त्वचा

लहान शेडमधील कामगारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. एरोसिलचे कण आणि काचेचे गोळे हवेत दीर्घकाळ तरंगतात. डबा उघडण्यापासून लांबी घासून होईपर्यंत चांगल्या प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा धूळरोधक मास्क आवश्यक आहे. तोंडाला गुंडाळलेला रुमाल पुरेसा नाही. एरोसिल ही स्फटिकरूप नसलेली सिलिका आहे. ओतीव कामात आणि फरशीच्या कामात वापरले जाणारे गारगोटीचे पीठ मात्र स्फटिकरूप असते आणि त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसाचा विकार जडतो. दोन्ही पावडरी पांढऱ्याच दिसतात. पोत्यावर काय लिहिले आहे ते वाचूनच ती उघडावीत.

हार्डनर त्वचेला घातक आहे. वारंवार स्पर्श झाल्यास एपॉक्सीची ॲलर्जी उद्भवते आणि ती बहुधा जन्मभर राहते. त्यानंतर त्या कामगाराला हा व्यवसायच सोडावा लागू शकतो. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. हाताला लागलेली राळ थिनर अथवा ॲसिटोनने धुण्याची सवय सर्वत्र दिसते, ती मोडली पाहिजे. हे द्राव राळ त्वचेत अधिक खोलवर नेतात. कोरड्या फडक्याने पुसून साबण व पाण्याने हात धुवावेत. अर्धवट सुकलेली एपॉक्सी घासू नये, कारण तिच्या धुळीत न जुळलेला हार्डनर असतो.

जुन्या वास्तूंना हात नको

खुलताबाद परिसरात औरंगजेबाची कबर, मलिक अंबरची कबर आणि जवळच १९८३ पासून जागतिक वारसा असलेली वेरूळची लेणी आहेत. गावातील कित्येक घरांच्या भिंती जुन्या चुन्याच्या आहेत. चुन्याच्या भेगेत एपॉक्सी भरण्याचा मोह टाळावा. चुना ओलावा घेतो आणि सोडतो. एपॉक्सी हा मार्ग अडविते, ओलावा मागे साठतो आणि भेगेच्या शेजारचा मूळ चुनाच भुसभुशीत होतो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचीच लांबी हवी.

परत काढता न येणारा पदार्थ जुन्या कलाकृतीला लावण्याचे परिणाम याच जिल्ह्याने पाहिले आहेत. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले. हेतू चांगला होता आणि तेव्हा ते ज्ञान आधुनिकच मानले जात होते. कालांतराने रोगण पिवळे पडले, तडकले आणि चित्रांचे मूळ रंग झाकोळले. तो थर उतरविण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे दीर्घकाळ कष्ट घ्यावे लागले. लाख निदान मद्यार्कात विरघळते, घट्ट झालेली एपॉक्सी विरघळत नाही. म्हणून जतनाच्या क्षेत्रात ती फक्त तज्ज्ञांनी, अगदी निवडक जागी वापरावयाची असते. संरक्षित स्मारकाला इजा पोहोचविणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमानुसार गुन्हा असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सद्हेतूने केलेल्या परस्पर दुरुस्तीनेही अशी इजा होऊ शकते.

खरेदी करताना

सुरुवात करणाऱ्याने पाच-सहा प्रकार घेण्याची गरज नाही. एरोसिल, काचेचे दळलेले धागे आणि काचेचे पोकळ गोळे या तीन पावडरींत बहुतेक सर्व कामे होतात. पहिल्या दोन मजबुतीसाठी, तिसरी आकारासाठी. पावडर वजनावर घ्यावी, कारण डब्याचा आकार फसवा असतो. सुट्या, नाव नसलेल्या पिशवीतील ‘फिलर’ घेऊ नये, त्यात खडू आहे की गारगोटी हे डोळ्यांना कळत नाही. डबे हवाबंद, कोरड्या जागी ठेवावेत आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव लिहावे. रेझिन व हार्डनर खरेदी करताना त्यांचे तांत्रिक पत्रक मागून घ्यावे. प्रमाण, हाताळणीचा वेळ आणि सहन होणारे तापमान या तीन नोंदी त्यात असतात.

ग्राहकालाही काही प्रश्न विचारता येतील. होडी, उंचावरील मूर्ती, मुलांच्या खेळण्याचे साहित्य किंवा जिना करवून घेताना सांध्यात कोणते रेझिन आणि कोणती पावडर वापरणार, हे कारागिराला विचारावे आणि देयकावर लिहून घ्यावे. खडू भरलेला सांधा आणि काचेचे धागे भरलेला सांधा रंग दिल्यावर सारखेच दिसतात. त्यांतील फरक भार आल्यावरच कळतो आणि तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.